बँक बुडाली, असं म्हणण्याआधी

आमच्या जोयडा तालुक्यात ‘बुडालं’ हा शब्द जपून वापरतात. काळी नदीवर सुपा धरण बांधलं गेलं, १९८० च्या दशकात पाणी चढत गेलं आणि जुनं सुपा गाव त्याखाली गेलं. तालुक्याचं ठिकाण जोयड्याला आलं. उठलेल्या कितीतरी कुटुंबांना रामनगरला जागा मिळाली. लग्न होऊन इकडे आले तेव्हापासून मी या गोष्टी ऐकते आहे. म्हाताऱ्या बायका गावाविषयी बोलायला लागल्या की देऊळ कुठं होतं, विहीर कुठं होती हे सगळं सांगतात आणि शेवटी म्हणतात, ‘ज्याच्या नावावर कागद, त्याला पैसा.’ गाव सगळ्यांचंच बुडालं, पण पदरात पडलं ते प्रत्येकाच्या वेगळं.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. तिकडंही ‘बुडालं’ हा शब्द लहानपणापासून कानावर होता. एक पुराविषयी आणि दुसरा बँकांविषयी. काही वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वाच्या आधी मावशीकडे गेले होते. पर्वाआधी घर झाडून घ्यायचं, ट्रंका उघडून कपड्यांना ऊन दाखवायचं, ही आमच्या घरची रीत. मावशीच्या ट्रंकेत शालूच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला एक जाड कागद निघाला. कडेनं नक्षी, मध्ये काकांचं नाव, खाली शिक्का आणि सह्या. शेअर सर्टिफिकेट होतं ते.

मावशी म्हणाली, ‘ठेव गं तिथंच. ती बँक बुडाली. तुझे काका गेले, त्यांच्या मागोमाग बँकही गेली.’

कुठल्या बँकेचा कागद ते इथं सांगत नाही, त्याची गरजही नाही. पण त्या कागदानं माझ्या डोक्यात भुंगा सोडला. बँक बुडाली म्हणजे नक्की काय झालं? मावशीची त्याच बँकेत ठेवही होती, ती तर तिला व्याजासकट मिळाली होती. मग बुडालं ते काय? मी कला शाखेची पदवीधर, आकडेमोड माझा प्रांत नव्हे. तरी वाचत गेले. वाचलं ते आपल्या बायकांना सांगावंसं वाटलं, कारण अशा ट्रंका आपल्या समाजात घरोघरी आहेत.

आधी एक साधा फरक लक्षात घेऊ. मावशी ठेव आणि शेअर दोन्हींना ‘बँकेत घातलेले पैसे’ म्हणते. पण ठेव म्हणजे आपण बँकेला उसने दिलेले पैसे. ते परत देणं बँकेला भाग आहे. शेअर म्हणजे आपण त्या बँकेचे एवढेसे का होईना, मालक. मालक म्हटल्यावर नफ्यात वाटा, आणि अडचण आली तर रांगेत शेवटचा नंबर. आधी ठेवीदार, मग बाकीचे देणेकरी, सगळ्यांचं भागवून काही उरलं तर भागधारक.

शेअर म्हणजे शहरातल्या, पैसेवाल्यांच्या गोष्टी असं आपल्याला वाटतं, पण आमच्या जोयड्याच्या रानात ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीच पोचली होती. कॅसलरॉक स्टेशन आमच्याच तालुक्यात. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला आणि मुरगाव बंदरापासून घाट चढून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे बांधायचं ठरलं. त्यासाठी लंडनमध्ये कंपनी निघाली, वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे. तिचं भांडवल इंग्लंडातल्या लोकांनी घातलं आणि त्यावर ठरावीक टक्क्यांनी पैसा मिळेल अशी हमी पोर्तुगाल सरकारनं दिली. १८८८ मध्ये गाडी सुरू झाली, पण मालाची वाहतूक अपेक्षेइतकी होईना. १९०२ मध्ये ती लाइन चालवण्याचं काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेलं. गाडी दुसरी कंपनी चालवू लागली, तरी मूळ भागधारकाला हमीचे पैसे पोर्तुगालच्या तिजोरीतून मिळत राहिले. दूधसागरचा घाट त्याच्या भागधारकानं कधी पाहिलाही नसेल, पण त्याचा पैसा सुरक्षित होता.

त्याच १८७८ साली, ऑक्टोबरात, स्कॉटलंडमध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक कोसळली. तिथं उलटं झालं. त्या बँकेच्या भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती. म्हणजे शेअरचे पैसे तर गेलेच, वर बँकेचं देणं फेडायला घरदार विकायची वेळ आली. एकूण १,८१९ भागधारकांपैकी शेवटी फक्त २५४ जण आपल्या पायावर उभे राहिले, बाकीच्यांचं दिवाळं निघालं. त्यात विधवा आणि एकट्या राहणाऱ्या बायका पुष्कळ होत्या; चार पैसे सुरक्षित राहावेत म्हणून त्यांनी बँकेचे शेअर घेतलेले. त्यानंतर तिकडच्या बँकांनी मर्यादित जबाबदारीचा नियम स्वीकारला. कंपनीच्या नावामागे आपण ‘लिमिटेड’ वाचतो ना, त्याचा अर्थ हा: शेअरचे पैसे जातील फार तर, पण वसुलीसाठी कुणी दारात येणार नाही.

आपल्या कृष्णाकाठच्या बँकांच्या भागधारकाकडे पोर्तुगालची हमी नव्हती, आणि ग्लासगोची धास्तीही नव्हती. तो या दोन्हींच्या मधला.

या बँका निघाल्या कशा ते पाहिलं तर अभिमान वाटतो. १९१६ मध्ये सांगली बँक, १९२० मध्ये कुरुंदवाडची गणेश बँक, १९२९ मध्ये मिरज स्टेट बँक, १९३० मध्ये बेळगाव बँक, १९३६ मध्ये साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक, १९४३ मध्ये कोल्हापूरची रत्नाकर बँक. सातारा ते बेळगाव एवढ्या पट्ट्यात इतक्या बँका. मुंबईच्या बँकेला हळदीच्या पेवाची किंमत कळणार नाही, गुळाच्या अडत्याला कर्ज कधी लागतं ते कळणार नाही, म्हणून इथल्या लोकांनी आपल्या बँका काढल्या. शेअर घेणारे कोण? व्यापारी, वकील, शाळामास्तर, बागायतदार. आपल्या समाजातलेही अनेक. पाच-दहा शेअर स्वतःच्या नावावर, पाच-दहा बायकोच्या, असं चालायचं. वार्षिक सभा म्हणजे पाहुण्यारावळ्यांची गाठभेट. डिव्हिडंड फार नसायचा, पण ‘आपली बँक’ म्हणण्यातलं समाधान होतं.

यातल्या दोन आधीच मोठ्या बँकेत मिसळल्या. युनियन बँकेत १९७५ मध्ये बेळगाव बँक आणि १९८५ मध्ये मिरज स्टेट बँक. १९९१ नंतर आर्थिक धोरण बदललं, तसे बँकांचे नियमही कडक झाले. बँकेनं दिलेल्या कर्जांची जोखीम मोजायची आणि अशा शंभर रुपयांमागे नऊ रुपये तरी बँकेचे स्वतःचे हवेत, असा दंडक आला. ज्या छोट्या बँकेची कर्जं थकली, तिचं स्वतःचं भांडवल त्यातच विरघळलं. नवं भांडवल आणायचं कुठून? मास्तर आणि बागायतदार तरी किती घालणार?

मग २००६ साल उजाडलं. जानेवारी २००६ ते एप्रिल २००७, एवढ्या सव्वा वर्षात आपल्या तीन बँका गेल्या. लोकांनी तिन्हींना एकच शब्द वापरला: ‘बुडाली.’ आता तीन वेगवेगळ्या घरांतल्या तीन बायका डोळ्यांसमोर आणू. तिघींकडे या तीन बँकांचे पन्नास-पन्नास शेअर आहेत असं धरून चालू.

पहिली गणेश बँकेची भागधारक. ७ जानेवारी २००६ ला रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून केंद्र सरकारनं या बँकेवर मोरॅटोरियम लावला, म्हणजे व्यवहार थांबवले. त्याच महिन्यात केरळच्या फेडरल बँकेत विलीन करण्याची योजना मंजूर झाली. बँक हायकोर्टात गेली, तिथून सुप्रीम कोर्टात गेली. निकाल विरुद्ध गेला आणि २ सप्टेंबर २००६ पासून गणेश बँक फेडरल बँकेत गेली. ठेवीदारांच्या ठेवी तिकडं वर्ग झाल्या. भागधारकाला मात्र बदल्यात फेडरल बँकेचे शेअर मिळाले नाहीत. अशा सक्तीच्या योजनेत जुन्या बँकेचं भांडवल आणि गंगाजळी आधी बुडीत कर्जाच्या खड्ड्यात टाकतात. सगळी वसुली होऊन काही उरलं, तरच भागधारकाचा विचार. आणि या योजनेला भागधारकाचं मत घ्यावं लागत नाही. बँकिंग कायद्याच्या ४५ व्या कलमात तशी तरतूदच आहे.

दुसरी युनायटेड वेस्टर्नची. योगायोग असा, की गणेश बँक ज्या दिवशी गेली त्याच दिवशी, २ सप्टेंबर २००६ ला, युनायटेड वेस्टर्नवर मोरॅटोरियम आला. कलमही तेच. पण साताऱ्याच्या या बँकेच्या शाखा पुष्कळ, पसारा मोठा, त्यामुळे ती घ्यायला अनेक जण पुढं आले. महिन्याभरात, ३ ऑक्टोबरला, ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. भागधारकाला एका शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले. पन्नास शेअरचे १,४०० रुपये. कमी की जास्त यावर तेव्हा साताऱ्यात वाद झालेच असतील. पण हातात काहीतरी पडलं आणि हिशोब तिथंच मिटला. तिचा आता नव्या बँकेशी संबंध उरला नाही.

तिसरी सांगली बँकेची. इथं मोरॅटोरियम आला नाही. डिसेंबर २००६ मध्ये दोन्ही बँकांच्या संचालक मंडळांनी ठरवून विलीनीकरण मान्य केलं आणि १९ एप्रिल २००७ पासून सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत गेली. सांगली बँकेच्या ९२५ शेअरला आयसीआयसीआयचे १०० शेअर, असं प्रमाण ठरलं. म्हणजे सव्वानऊ शेअरला एक. पन्नासवाल्या बाईला पाच शेअर मिळणार आणि वरच्या अपूर्णांकाचे रोख पैसे. पन्नासाचे पाच झाले म्हणून ती कपाळाला हात लावून बसली असेल, आणि तिचं चुकलं असं कोण म्हणेल? पण तेव्हा आयसीआयसीआयच्या एका शेअरचा बाजारभाव आठशेच्या पुढं होता. पुढं २०१४ मध्ये एका शेअरचे पाच झाले. ती निव्वळ सुट्टी केल्यासारखी गोष्ट. भाकरी तेवढीच, तुकडे पाच. २०१७ मध्ये दहा शेअरमागे एक बोनस आला. पाचाचे पंचवीस, पंचविसाचे साडेसत्तावीस, म्हणजे सत्तावीस शेअर आणि अर्ध्याचे रोख पैसे. २०२४ च्या उत्तरार्धात एका शेअरचा भाव हजाराच्या वर होता. ज्या शेअरची दर्शनी किंमत दहा, त्या पन्नास शेअरच्या पाचशे रुपयांची ही गोष्ट. अर्थात, तिनं मधल्या काळात तो कागद ‘बुडाला’ म्हणून चुलीत घातला नसेल तर.

एक शब्द, तीन घरं. एकीला बदल्यात काही आलं नाही, दुसरीला चौदाशे रुपये, तिसरीला नव्या बँकेतली मालकी.

चौथी गोष्टही सांगायला हवी, ती रत्नाकर बँकेची. ही बँक कुणात मिसळली नाही. २०१० पासून नवं व्यवस्थापन आलं, बाहेरच्या गुंतवणूकदारांनी भांडवल घातलं, नाव आरबीएल बँक झालं आणि २०१६ मध्ये २२५ रुपयांना शेअर विकून ती बाजारात उतरली. जुन्या भागधारकाचा शेअर जागच्या जागी राहिला. पण नवे शेअर निघत गेले तसा त्याचा वाटा पातळ होत गेला. दुधात पाणी नव्हे, दुधात दूधच घातलं, पण आपली वाटी तेवढीच राहिली. मालक वाढले, कोल्हापूरच्या सभेत ज्याचा आवाज चालायचा तो आता गर्दीतला एक. किंमत राहिली, मान गेला. काहींना हे पटलं, काहींना नाही.

आणि यापेक्षा वाईटही होऊ शकतं. नोव्हेंबर २०२० मध्ये तमिळनाडूतली लक्ष्मी विलास बँक डीबीएसमध्ये विलीन केली, तेव्हा तिचं सगळं भाग भांडवल एका फटक्यात शून्य केलं गेलं. करूरच्या व्यापाऱ्यांनी १९२६ मध्ये काढलेली बँक. आपल्या बँकांचीच बहीण म्हणा ना. तिथल्या बायकांच्या ट्रंकेतले कागद खरोखरच कागद झाले.

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट टोचली. ठरवून होणाऱ्या विलीनीकरणाला, जसं सांगली बँकेचं झालं, बँकिंग कायद्याचं ४४ अ हे कलम लागतं. त्यात भागधारकांची सभा घ्यावीच लागते. ठराव पास व्हायला दोन गोष्टी हव्यात: हजर असलेल्या किंवा प्रॉक्सी दिलेल्या भागधारकांपैकी निम्म्याहून जास्त डोकी, आणि त्यांच्याकडे किमतीनं दोन तृतीयांश शेअर. ज्याला ठराव मान्य नाही त्यानं रीतसर विरोध नोंदवला तर रिझर्व्ह बँक ठरवेल ती किंमत मागायचा हक्क त्याला आहे. म्हणजे दहा शेअरवाली बाईसुद्धा तिथं एक पूर्ण डोकं म्हणून मोजली जाते. आणि आपण काय करतो? ‘सही कर इथं’ म्हटलं की प्रॉक्सीच्या कागदावर सही करतो, चहा टाकायला आत जातो. मीही केल्यात अशा सह्या. कुणाला दोष देत नाही. पण त्या कागदावर काय होतं हे मी कधी विचारलं नाही, एवढं खरं.

सामान्य भागधारकाचं खरं नुकसान नेहमी सभेतच होतं असंही नाही. पुष्कळदा ते टपालपेटीत होतं. विलीनीकरणाची पत्रं येतात इंग्रजीत, जुन्या पत्त्यावर, गेलेल्या माणसाच्या नावानं. घरातले म्हणतात, ‘बँकेचं काहीतरी दिसतंय, ठेवून दे.’ डिव्हिडंडचे कागद पडून राहतात. सलग सात वर्षं डिव्हिडंड कुणी घेतला नाही, तर तो पैसा आणि २०१६ च्या नियमांपासून ते शेअरसुद्धा सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात. त्याला आयईपीएफ म्हणतात. घाबरायचं कारण नाही, तिथं गेलेले शेअर हक्काच्या माणसाला परत मागता येतात आणि त्याला मुदतही नाही. पण मागायला आधी माहीत हवं की आपलं काही होतं.

मावशीच्या कागदाचं पुढं काय झालं ते सांगते. तिच्या नातवानं आणि मी मिळून आधी एवढंच शोधलं, की ती बँक कुठल्या वाटेनं गेली. ती बुडाली नव्हती, मिसळली होती. मग नव्या बँकेच्या शेअर रजिस्ट्रारला पत्र घातलं. उत्तर आलं, त्यात कागदांची यादी: काकांचा मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, मावशीचं ओळखपत्र, बँक खातं, डीमॅट खातं. आणि तिथं घोडं अडलं. सर्टिफिकेटवर काकांच्या नावात वडिलांचं नाव, दाखल्यावर नुसती आद्याक्षरं. मावशीचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, आणि आधार कार्डावर तिसरंच. आयुष्यभर जिला सगळं गाव आक्का म्हणतं, तिला आपण ‘तीच’ असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तहसील कचेरीत ती म्हणाली, ‘पन्नास वर्षं संसार केला, त्याचा पुरावा मागतायत बघ.’ मला तेव्हा रामनगरच्या बायका आठवल्या. ज्याच्या नावावर कागद, त्याला पैसा.

काम अजून पुरतं संपलेलं नाही. रक्कमही घर बांधण्याइतकी नाही. पण मावशीचं बोलणं बदललं. आता ती ‘बँक बुडाली’ म्हणत नाही. ‘आमचे शेअर सोडवायचे चाललेत’ म्हणते. ‘आमचे’ हा शब्द तिच्या तोंडून पैशाच्या बाबतीत मी पहिल्यांदा ऐकला.

कुणी म्हणेल, आपला धर्म अपरिग्रह शिकवतो, आणि ही बाई दशलक्षणाच्या दिवसांत शेअरचं काय घेऊन बसली? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. पण मुनींचा अपरिग्रह वेगळा आणि श्रावक-श्राविकांचं व्रत वेगळं. आपल्याला सांगितलं आहे ते परिग्रह-परिमाण. जमीन, घर, सोनं, धान्य, पैसा, या सगळ्याची मर्यादा ठरवायची. मर्यादा ठरवायची तर आधी मोजावं लागतं. जे आपल्याकडे आहे हेच ठाऊक नाही, त्याची मर्यादा कशी घालणार आणि त्याचा त्याग तरी कसा करणार? नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्य म्हणताना ‘माझं काही नाही’ असं आपण म्हणतो. ते जाणतेपणी म्हटलं तर धर्म. माहीत नाही म्हणून म्हटलं, तर तो नुसता निष्काळजीपणा, आणि त्याचा फायदा दुसराच कुणी घेतो.

म्हणून मैत्रिणींनो, येत्या पर्वाआधी ट्रंक उघडाल तेव्हा शालूबरोबर कागदांनाही ऊन दाखवा. जुनं सर्टिफिकेट सापडलं तर तीन प्रश्न विचारा. ही कंपनी किंवा बँक आता कुणात आहे? ती सक्तीनं गेली, पैसे देऊन गेली, की शेअरला शेअर देऊन? आणि हा कागद कुणाच्या नावावर आहे, त्या माणसाचा वारस कोण? उत्तर ‘काही मिळणार नाही’ असंही येईल. येऊ दे. गेलं म्हणून सोडलेलं आणि विचारून, समजून सोडलेलं, यांत फरक आहे.

मावशीनं आता एक वही केली आहे. पहिल्या पानावर णमोकार मंत्र, दुसऱ्या पानापासून यादी: शेत, घर, पोस्टातलं खातं, पाटल्या, आणि शेवटी तो कागद. नातवाला दाखवून ठेवली आहे, सुनेलाही.